भेंडीच्या पाण्याचा पुरावा

कॉलेजच्या मूल्यमापनासाठी आलेल्या तक्त्यात एक रकाना होता: तुमच्या संशोधनाचा उल्लेख किती पेटंटांत झाला? निवृत्तीला सात महिने उरलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. तरी मी शोधायला बसले. शाहूपुरीतल्या माझ्या दोन खोल्यांत वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि इतक्या वर्षांच्या कामातलं काही कुठं पोचलं का, हे मलाच एकदा बघायचं होतं.

पेटंटांच्या संकेतस्थळावर आपल्या एकेका निबंधाचं नाव टाकायचं आणि कुणी त्याचा आधार घेतलाय का ते पाहायचं. आठवडाभर हाती काही लागलं नाही. "मॅडम, शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा," असं शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याच्यावर उगीच खेकसले.

मग एका दुपारी सापडलं. उसाचा रस झाडाच्या चिकट पाण्यानं निवळायची पद्धत स्वतःची आहे, असा एका कंपनीनं आपल्याच देशात अर्ज केला होता. खाली संदर्भांत आमचा भेंडीवरचा जुना निबंध होता. माझ्या मार्गदर्शक सरांचं आडनाव आणि पुढं 'व इतर'. गुऱ्हाळावर धूर खाल्ला मी, आकडे काढले मी, पहिलं नाव सरांनी स्वतःचं घातलं, आणि मी इतरांत! सर तर कधीच गेले. भांडायचं कुणाशी?

बारकाईनं वाचल्यावर कळलं, उल्लेख कंपनीनं केलाच नव्हता. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं तो शोधून काढला होता: हे आधीच छापून आलेलं आहे, यावर हक्क मिळणार नाही. कंपनीला तो दावा सोडावा लागला होता. मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. विभागाच्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. पाण्याची बाटली भरून आणली, परत बसले आणि रकान्यात 'एक' लिहिलं. तक्त्याला तेवढंच कळतं.

हे कळेल असा एकच माणूस होता. रविवारी बस धरून गडमुडशिंगीला गेले. तिथल्या गुऱ्हाळावरच्या मामांनी मला सगळं शिकवलं होतं. भेंडीची ताटं ठेचून पाण्यात घालायची, ते चिकट पाणी उकळत्या रसात सोडायचं, मळी वर आली की झाऱ्यानं काढायची. आता काहिलीपाशी त्यांचा मुलगा उभा राहतो. मामा बाजूला पोत्यावर बसून त्याच्या चुका काढत होते.

"या की बाई! लई वर्सांनी वाट चुकलासा."

मी सगळं सांगितलं.

"भेंडी त्येंची हाय म्हनत हुते व्हय? आन् तुमच्या कागदानं त्येस्नी न्हाय म्हटलं?" मामा एवढ्यानं हसले की मुलगा वळून बघायला लागला. मग म्हणाले, "त्या कागदात माजं नाव हाय न्हवं?"

नव्हतं. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचे. निबंध लिहिताना ध्यानात आलं की मला त्यांचं नावच माहीत नाही. पुढच्या खेपेला विचारू म्हणून 'एका स्थानिक गुळव्याकडून मिळालेली माहिती' असं लिहून ठेवलं आणि तसंच छापून आलं. सरांवर इतकी वर्षं मनात चिडत होते, मी तरी वेगळं काय केलं होतं? लाज वाटली.

"नाही मामा," मी म्हणाले. "त्या पेटंटात माझंही नाही. मला 'इतर' म्हटलंय."

"मंग तुमी बी आमच्यातल्याच की."

मला रडू आलं. धूर डोळ्यांत गेला म्हणायची सोय होती, पण म्हटलं नाही. पर्समधून वही काढली आणि त्यांचं नाव विचारलं. त्यांनी टोपी सारखी केली. स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव, माझं लिहून होईपर्यंत थांबत थांबत सांगितलं.

"आता तुमचं सांगा," ते म्हणाले. "बाई बाई म्हनत आलो, नाव कुटं ठावं हाय मला?"

मी पूर्ण नाव सांगितलं. मामांनी ते मोठ्यानं म्हणून बघितलं, मग मुलाला ऐकू जावं म्हणून आणखी एकदा. मला नावानं हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही, त्याला बरीच वर्षं झाली होती.