चंद्रोदयाच्या कोडला कुलूप

नल्लकुंट्याचे उदयराव सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि कॉम्प्युटरला चिकटले ते चिकटलेच. हैदराबादेतल्या मराठी घरांसाठी त्यांनी पंचांगाचं अ‍ॅप काढलं. तिथ्या, सण, संकष्टीचा चंद्रोदय, सगळं इथल्या वेळेप्रमाणे. कोड चौघांचा सामायिक, पण नियम उदयरावांचा: दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल चढवायचा नाही. चढवला आणि चूक घरोघरी गेली, तर त्याचा हक्क बंद. बिचाऱ्या प्रशांतला एका एकादशीवरून त्यांनी असं बाहेर बसवलं, की तो पुन्हा त्यांच्या घराकडे फिरकला नाही.

गेल्या साली एकटेच मुंबईला जाऊन, पुतण्याचं लग्न उरकून ते परतले, चहाही न घेता लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनवर काय? ‘बदल चढवण्याची तुम्हाला परवानगी नाही.’ त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पुन्हा करून पाहिलं, तेच. इतक्या वर्षांची मेहनत कुणी चोरली की काय, म्हणून तडक हिमायतनगरला भाचीकडे गेले. मेघना चौघांतलीच.

“मामा, कुलूप मी लावलंय.”

“तू? कशाला?” उदयराव दारातच अडले.

“लग्नातून तुम्ही बदल चढवलात ना? कुणाला न दाखवता?”

“अगं, एक ओळ होती.”

“हौ, पण त्या ओळीने सगळ्यांच्या फोनवर संकष्टीला मुंबईचा चंद्रोदय गेला. इथे चंद्र आधी उगवतो.”

“मग मला फोन करायचा. नीट केलं असतं. एवढी तक्रार केली कुणी?”

“मामींनी.”

उदयरावांचा विश्वासच बसेना. सुनंदा? घरची बायको, आणि तक्रार परभारे?

घरी आल्यावर सुनंदाबाईंनी शांतपणे कबूल केलं. “तुम्हाला सांगितलं असतं, तर गुपचूप निस्तरलं असतं तुम्ही. प्रशांतला कसं सगळ्यांदेखत बाहेर काढलंत?” मग हळूच म्हणाल्या, “गच्चीवर चक्कर आली मला. शेजारच्या त्रिवेणीने तोंडात साखर घातली.”

शुगरचं दुखणं, त्यात दिवसभराचा उपास. उदयराव हबकलेच.

“अगं, पण चंद्र दिसला असेल ना तुला? जेवायचं होतंस.”

“दिसला ना. पूर्वेला चांगला वर आला होता. पण फोन म्हणत होता, अजून अवकाश आहे. म्हटलं, यांचं कधी चुकत नाही. म्हणून थांबले.”

संध्याकाळी उदयरावांनी प्रशांतला स्वतः फोन केला. मेघनाला मात्र कुलूप काढ म्हणून ते आजतागायत म्हणालेले नाहीत.