पाषाणाच्या कांड्या आणि आमचा कॅम्प

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका रानात राहिली, एकाच आचाऱ्याच्या हातचं जेवली आणि एकाच साहेबाला भ्यायली की ते आपोआप साठतात. झाडलेल्या अंगणात पुन्हा पाला पडावा तसे! आमच्या बोअरिंग कॅम्पातले तर इतके साठलेत की एक सांगायला बसलो की दुसरा 'आधी मला सांगा' म्हणून मधे घुसतो.

हा कॅम्प खालापूरच्या वर, घाटाच्या पायथ्याशी होता. वीज करायला पाणी अडवायचं म्हणून त्या काळी डोंगरात धरणाच्या जागा शोधणं चालू होतं. वाफेच्या मशीननं जमिनीत भोक पाडायचं, आतून दगडाची गोल कांडी काढायची, आणि कांड्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं लाकडी पेटीत लावायच्या. त्या पेट्या पाहून मी कापडावर जमिनीच्या पोटाचं चित्र काढायचो. माती कुठवर, मुरूम कुठवर, तांबडा मऊ थर कुठे, काळा पाषाण कुठे. याला सेक्शन म्हणत. मी कॅम्पाचा ड्राफ्ट्समन, आणि माझ्या रेघेवर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती. (हे मीच सांगून टाकतो, कारण बाकीचे सांगणार नाहीत!)

मुंबईच्या बड्या साहेबापुढे दोन जागा होत्या. एक आमची, दुसरी पलीकडच्या खोऱ्यातली. आमची पसंत पडली तर धरण इथे उठणार आणि आम्ही सगळे नोकरीत कायम होणार. नाही पडली तर पावसाच्या आत तंबू गुंडाळून घरी! ओव्हरसियर भिडे यांच्या घरी नुकताच पाळणा हलला होता. माझं लग्न नेरळला ठरल्यासारखं होतं, पण मुलीच्या वडिलांनी सांगितलं होतं, "नोकरी कायम झाली की याच बैठकीत सुपारी फोडू." तेव्हा त्या पाषाणात माझा जीव किती अडकला होता, ते निराळं सांगायला नको.

*

पहिला मान आचाऱ्याचा, धोंडूकाकांचा.

एकदा पेटी तपासताना मधली चांगली वीतभर कांडी गायब! भिडे यांनी कॅम्प डोक्यावर घेतला. मशीनवरचा गणू मिस्त्री शपथेवर सांगू लागला, "सायेब, म्या माज्या हातानं ठिवली व्हती. दगडाला काय पाय फुटत्यात?" झाडंझुडपं पालथी घातली, पण कांडी काही मिळेना.

दुपारी पंगत बसली. भिडे यांनी चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाले, "धोंडूकाका, आज चटणी अगदी लोण्यासारखी हो!"

"होणारच! नवा वरवंटा आहे!"

भिडे ताटावरून उठले ते थेट चुलीपाशी. कांडी धुऊन, पुसून पुन्हा पेटीत ठेवली. पण लसूण-मिरची ती, एका धुण्यात थोडीच जाते! पुढच्याच आठवड्यात मुंबईचे एक तज्ज्ञ आले. दगड जिभेला लावून पाहायची त्यांना सवय होती. त्यांनी ती कांडी चाटली, डोळे मिटले, पुन्हा चाटली.

ते भिडे यांच्याकडे वळून म्हणाले, "थर उत्तम आहे. भाकरी आहे का?"

*

भरलेल्या पेट्या रेल्वेनं मुंबईला जायच्या. घाटाखालच्या एका स्टेशनात, नाव सांगत नाही, एक पार्सल बाबू होता. भारी टापटिपीचा माणूस. पेटी उचलताना हमालाची कंबर लचकली तेव्हा त्याला संशय आला.

"आत काय आहे?"

"दगड," गणू म्हणाला.

"मुंबईला दगड? का, तिकडले संपले?"

त्यानं पेटी उघडवली, सगळ्या कांड्या फलाटावर काढून नीट पाहिल्या. खात्री पटल्यावर स्वतःच्या हातानं परत लावल्या. पण त्याच्या जिवाला आमची ती रचना कशी पटणार? एक लांब, एक आखूड, मधेच तांबडी, मधेच काळी! त्यानं काळ्यात काळ्या लावल्या, तांबड्यात तांबड्या, आणि लांबीप्रमाणे उतरती भाजणी केली. जमिनीचा सगळा हिशेब गेला चुलीत! गणूनं हे येऊन सांगितलं तेव्हा भिडे मटकन खाली बसले. आता मुंबईहून कानउघाडणीच येणार, हे आम्ही धरूनच चाललो.

चार दिवसांनी मुंबईचं पत्र आलं: "आजवर आलेल्या सर्व पेट्यांत ही सर्वांत व्यवस्थित. इतर कॅम्पांनी धडा घ्यावा!"

*

सेक्शन काढायचं कापड म्हणजे खळ लावलेलं उंची, तलम सूत. सेक्शन जुना झाला की कापड धुऊन काढायचं. खळ निघून जायची आणि रुमालाला झकास कापड मिळायचं. नकाशाच्या कचेऱ्यांतून हा रिवाजच होता. कुणी त्यात चोरी मानत नसे, साहेबाचेही रुमाल तसलेच!

भिडेवहिनींनी अशाच एका सेक्शनचं बाळाला झबलं शिवलं. शाई मात्र चिवट. धुऊनही बाळाच्या पाठीवर मुरमाची रेघ आणि बुडाशी पाषाण स्पष्ट दिसायचा.

आणि कॅम्पाच्या साहेबाला नेमका तोच सेक्शन हवा झाला. "ताबडतोब आणा!"

बाळाला झाली होती सर्दी. वहिनी म्हणाल्या, "झबलं काढायचं नाही. हवं तर लेकरासकट न्या." शेवटी खालापूरहून बैलगाडीत घालून भिडे यांनी सेक्शन आणला. साहेबही मोठा गमतीदार माणूस. त्यानं बाळाला माझ्या ड्रॉइंग बोर्डावर पालथं निजवलं आणि भिंग घेऊन वाचायला लागला. वाचता वाचता बुडाशी थांबला.

"इथे ओल दिसते. या थराला पाणी लागलं होतं?"

"नाही साहेब," भिडे म्हणाले, "आत्ताच लागलं!"

*

बड्या साहेबाला दाखवायला मी एक मॉडेल केलं होतं. फळीवर बांबूच्या काड्या उभ्या केल्या, एक काडी म्हणजे एक भोक. एका काडीपासून दुसरीपर्यंत रंगीत लोकर ताणली, तांबड्या थराला तांबडी, पाषाणाला काळी. जमीन काढून टाकली आणि आतलं तेवढं उभं राहिलं, असं दिसायचं ते. खरंच सुरेख झालं होतं. लोक बघायला यायचे.

एक दिवस खालच्या गावचे पाटील आले. काठी टेकून चहूबाजूंनी फिरले, मान डोलावली. मग माझ्या कानाशी आले. "मास्तर, ही कडंची काडी हाय न्हवं? ती माज्या आंबराईत येती."

"हो. तिथे भोक पाडायचंय."

"मंग जरा हितं सरकवा की. बोटभरच."

"अहो पाटील, इथे सरकवून काय होतंय? जमीन तिथल्या तिथेच राहणार ना!"

पाटील हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरा, म्या आजवर सरकारचे लई नकाशे बघितले. कागदावर सरकलं की जमिनीला सरकावंच लागतं!"

*

दोन भोकांच्या मधे काय आहे, ते कुणी पाहिलेलं नसतं. तिथे रेघ ओढायची ती अंदाजानं. कॅम्पाचा साहेब एकदा मला म्हणाला, "या भोकात पाषाण, त्या भोकात पाषाण. मधेही पाषाणच, हे कशावरून?"

माझ्या आधी भिडेच पुढे झाले. "साहेब, थोरल्या भावाचं नाक पाहिलं, धाकट्याचं पाहिलं, की मधल्याचं नाक बघायला त्याच्या घरी जावं लागत नाही!"

साहेब आपल्या लांबलचक नाकाच्या शेंड्याला बोट लावून म्हणाला, "मी मधला. आणि मी मामावर गेलोय."

*

आता शेवटच्या भोकाचं सांगतो.

मशीन चालताना भोकात सारखं पाणी सोडावं लागतं. नदीवरून पंपानं चढवलेलं पाणी आत जायचं आणि दगडाची राखाडी भुकटी घेऊन त्याच भोकातून वर यायचं. सगळं वर आलं की समजायचं, दगडाला चीर नाही, धरणाचं पाणी धरेल. या भोकात कांड्या निघाल्या काळ्याभोर, अखंड, पाहत राहाव्यात अशा. फक्त पाणी वर येईना.

गणू म्हणाला, "भिडेसायेब, पानी आत जातंय, भाईर येत नाय."

"उन्हाळा आहे गणू," भिडे म्हणाले. "तापलेला दगड आहे, पितोय!"

कांड्या इतक्या सुरेख होत्या की मलाही ते पटलं. मी सेक्शनवर सलग काळा पाषाण रंगवला. माझ्या हातचं ते सगळ्यात देखणं काम.

बडा साहेब आला. त्यानं मशीनशेजारी टेबल मांडायला लावलं, सेक्शन पसरला आणि बराच वेळ पाहिला. "सुंदर," म्हणाला. मला नेरळची बैठक आणि पानसुपारीचं तबक दिसायला लागलं! मग त्यानं एकच प्रश्न विचारला, "या दगडातून पाणी जाईल?"

भिडे यांनी छातीवर हात ठेवला. "एक थेंब जाणार नाही, साहेब!"

साहेबानं सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात खालच्या उतारावरून बायका चढून आल्या. तिथल्या ठाकरांच्या वाडीतल्या होत्या. डोक्यावर भरलेले हंडे, आणि पुढे नारळ घेतलेली हिरी नावाची बाई. साहेबाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मशीनपाशी गेल्या, चाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मशीनच्या पाया पडल्या.

"हे काय चाललंय?" साहेबानं विचारलं.

"काही नाही साहेब, अडाणी माणसं. देवाचं काहीतरी," भिडे घाईघाईनं म्हणाले.

पण बड्या साहेबाची उमर कोकणात गेलेली. त्यानं हिरीलाच मराठीत विचारलं, "बाई, कसला नवस?"

हिरीचा चेहरा नुसता फुलला होता. "नवस नाय रं सायबा! आमचा झरा दर उन्हाळ्याला आटतो. औंदा तुज्या या देवानं पानी दिलं! मशीन धडधडलं का झरा व्हातो, मशीन गप झालं का झरा गप!"

भिडे माझ्याकडे बघेनात. मी त्यांच्याकडे बघेना.

साहेब उठला. एका हंड्यात हात घालून त्यानं बुडाचा गाळ वर काढला. राखाडी भुकटी होती. दोन बोटांत चोळून पाहिली. मग टेबलापाशी येऊन पेनाला टोपण लावलं. त्या कापडाला कधी घडी घालायची नसते. त्यानं माझ्या सेक्शनची चौघडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"पलीकडची जागा," तो इंग्रजीत म्हणाला. "हा कॅम्प उद्या मोडा."

मशीनवर उभ्या असलेल्या गणूनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. बायकांना इंग्रजी कुठून कळणार! त्या आपल्या हसत खोबरं वाटत होत्या. हिरीनं सगळ्यात मोठी फोड साहेबाच्या हातावर ठेवली.

"सायबा," ती म्हणाली, "उंद्यापासून जरा जास्ती सोड. गुरांना पुरत नाय!"