किती देवाचा?

वसतिगृहात आलो त्या पहिल्याच दिवशी मी माझे देव चुकीचे सांगितले.

गोंदियातल्या आमच्या वसतिगृहाचे चौकीदार देवरीकडच्या आपल्या गावात भुमका, म्हणजे आम्हा गोंडांचे पुजारी होते. म्हणून सगळ्यांचे भुमकाबाबा. नव्या पोराला ते नाव विचारत नसत. "किती देवाचा?" आमच्यात कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात; ज्यांच्या देवांची संख्या सारखी ते भाऊ. आश्रमशाळेत मी नद्यांची लांबी पाठ केली, घरचे देव मोजायचे राहून गेले. "पाच," मी ठोकून दिलं.

रोज सकाळी ते मागच्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखाली उभे राहून आमच्या पितरांशी गोंडीत बोलत. कुणाचा पेपर, कुणाला ताप, कुणाला घरची आठवण. "हाक नाही मारली तं त्यायले कसं समजन, पोरगं कोठी गेलं?" शेजारच्या राइस मिलचा कोंडा उन्हात तरंगत असे. त्यात त्यांचा आवाज मिसळला की धुराड्यामागे हळूहळू जंगल उभं राही, मोहाचा वास येई. तेव्हा मोह फुललेला नसायचा, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या चाचणीत मी तीन विषयांत गचकलो. कारण लगेच सापडलं: माझी खबर परक्याच पितरांना जात होती! शिक्षण सोडायचं ठरवून ट्रंक उचलली. फाटकाशी बाबा आडवे आले.

"कोठी चालला बे?"

मी सगळं ओकलो. ते हसत खालीच बसले.

"रजिस्टरातल्या तुया आडनावावरूनच समजलं मले, तू सहा देवाचा. तुयाच पितरायले सांगून राहिलो ना रोज!"

"मग बोलले काऊन नाही?"

"तू कधी सांगतं, पाहून राहिलो होतो."

"आणि नापास काऊन झालो?"

"पितर काय तुये पेपर लिवतेत? ठेव ते पेटी. उद्या नवाखाई हाये."

दुसऱ्या दिवशी नव्या भाताचा पहिला घास पितरांना देऊन त्यांनी मला सहा देवांच्या पोरांत बसवलं. पळसाच्या पानावरचा तो वाफाळता भात खाताना इतकं घरी असल्यासारखं वाटलं, की ट्रंक कालपासून फाटकातच पडलीय हे संध्याकाळी आठवलं.

शिकलो, गोंदियातच कॉलेजात शिकवायला लागलो. मागच्या वर्षी बाबा कायमचे गावी निघाले, तेव्हा निरोप द्यायला वसतिगृहात गेलो.

"आता पोरायसाठी कोन बोलन?" म्हणत त्यांनी मलाच झाडाखाली उभं केलं. डोळे मिटून, मोडक्या गोंडीत, अडखळत मी एकेका पोराचं नाव पितरांच्या कानी घातलं. वाटलं, बाबांचे डोळे भरून आले असतील. उघडून पाहतो तर ते चपला घालून तयार.

"पितर समजून घेतीन गा. पन येवढ्या येळात पोरायचा पेपर सुटला असता."