घरी आई, शाळेत बाई

मी तिसरीत असताना आई आमच्याच शाळेत चौथीला शिकवायची. सानपाड्याच्या नव्या वसाहतीतली मराठी शाळा. आम्ही दोघी सकाळी बरोबरच निघायचो आणि शाळेचं गेट आलं की आई माझा हात सोडायची. "आता आई नाही, बाई म्हणायचं," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला त्याचं काही वाटायचं नाही. घरी गेलं की ती परत आई होते, असा माझा समज होता.

माझ्या बाकावर वसाहतीलगतच्या जुन्या गावातली एक मुलगी बसायची. हसरी आणि धीट. ती 'आहे'ला 'हाय' म्हणायची, त्यावरून आमच्या वर्गबाई तिला सारख्या उभं करायच्या. त्यांच्याकडे जाड लाकडी पट्टी होती. एकदा ती पट्टी तिच्या तळहातावर अशी बसली की दिवसभर तिला पेन्सिल धरता येईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं टेबलावरची पट्टी उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत शाळेमागच्या नाल्यात भिरकावली.

"गेली खाडीला," ती म्हणाली.

वर्गबाईंनी सगळ्यांना दरडावून विचारलं. कोणी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. मला राहवेना. पट्टी पाण्यात कशी गटांगळ्या खात गेली ते मी तिला हातवारे करून दाखवलं. आई इतकी हसली की डोळे पुसायला लागले.

"कुणाला सांगू नकोस हां," मी म्हटलं.

"वेडी का? मी कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी शिपाईमामा मला बोलवायला वर्गात आले. मोठ्या बाईंच्या ऑफिसात माझी मैत्रीण मान खाली घालून उभी होती, शेजारी तिची आई, कामावरून तशीच आलेली. भिंतीशी वर्गबाई, आणि त्यांच्या बाजूला माझी आई.

"तुझ्या आईनं सांगितलंय आम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिनंच टाकली ना पट्टी?"

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"खरं काय ते सांग," ती म्हणाली. शाळेतला आवाज.

मी होकारार्थी मान हलवली. मैत्रिणीनं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं, माझ्याकडे.

तिची आई पुढे झाली. "माजे पोरीची चुकी हाय, मी 'नाय' बोलत नाय. पन तिचे हातावर वल उठलं, त्याचा कोनी काय बोलनार हाय का?"

मोठ्या बाईंनी वर्गाचा हजेरीपट पुढे ओढला. माझी आई खिडकीबाहेरच बघत राहिली.

मैत्रिणीला त्याच दिवशी 'ब' तुकडीत पाठवलं. सुट्टीत मी तिच्यामागे धावले, तर तिनं डबा उचलला आणि ती दुसऱ्या मुलींत जाऊन बसली. पुढेही ती माझ्याशी कधी बोलली नाही.

घरी आल्यावर मी दप्तरसुद्धा काढलं नाही. "तू नाही सांगणार म्हणाली होतीस."

"स्टाफरूममध्ये विषय निघाला गं. मला माहीत असून मी गप्प बसले, हे नंतर कळलं असतं तर? माझी नोकरी अजून कायम नाही."

"मी तुला सांगितलं होतं. बाईंना नव्हतं सांगितलं."

आई ओट्याकडे वळली. मग तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि मला न विचारताच माझ्यासाठी दूध गरम केलं. मी ते प्यायले नाही.

चौथीत तीच माझी वर्गशिक्षिका झाली. तोवर तिची नोकरी कायम झाली होती. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात तिनं माझ्या वागणुकीबद्दल सुबक अक्षरात लिहिलं: 'शांत. मोकळेपणाने बोलत नाही.' बाबांनी जेवताना ते वाचलं आणि गमतीनं विचारलं, "काय गं, बाईंची तक्रार आहे तुझ्याबद्दल. खरं का?"

आई वाढता वाढता थांबली. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी भात कालवत राहिले.

"काही नाही हो बाबा," मी म्हटलं.