फाट्यावरचा पदर

सिल्लोडच्या गाडीत दर सोमवारी माझ्या शेजारी एक मावशी बसायच्या. गाडीनं हर्सूल सोडलं की अशा झोपायच्या, की कानाजवळ तोफ उडाली तरी पापणी हलू नये. माझ्या गप्पा ऐकून अख्खी गाडी हसून हसून डुलायची, टायर दबायचे, पण मावशी आपल्या घोरतच.

मात्र वाटेत एक फाटा यायचा. तिथं झोपेतच त्यांचा हात वर जायचा आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरवायचा. फाटा मागं पडला की तोच हात पदर पुन्हा डोक्यावर घ्यायचा. डोळे मिटलेलेच!

एकदा त्या जाग्या झाल्यावर मी विचारलं, "मावशी, झोपेत पदराशी काय खेळता?"

"मी? काय बी सांगता दादा!" त्या लाजल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिथं माझं माहेर हाय. माहेरात लेक डोकं झाकत नाय. आई व्हती तवर उतरायचे मी. आता भाऊ बोलवत नाय. हाताला मातर ते कुणी सांगितलंच नाय."

पुढं त्या गाडीत दिसेनाशा झाल्या.

परवा मी बिबट्याशी केलेल्या कुस्तीची गोष्ट रंगात येऊन सांगत होतो. बिबट्या चीत व्हायला आला आणि मी मध्येच गप्प झालो.

"ओ काका, पुढं काय झालं?" मागून कुणीतरी ओरडलं.

बाहेर बघितलं, तर तोच फाटा. बिबट्याला तसंच धरून ठेवलं. फाटा मागं पडल्यावरच मला पुढचं बोलता आलं.