थुंकीच्या दोन बादल्या

द्राक्षमळ्यांतून खात-पीत हिंडणाऱ्या मंडळींचा बादलीवालीला अगदी वीट आला होता. का नाही येणार हो? मंडळी बसमधून उतरायची, चीज, पाव, भाजलेलं मटण तोंडात कोंबायची, वर वाइनचा घोट घ्यायची, गुळणी भरल्यासारखी गालांत खळखळवायची आणि टेबलावरच्या छोट्या पत्र्याच्या बादलीत पचकन थुंकायची. याला म्हणे चाखणं म्हणतात! चाखणारे चाखून जायचे, बादली उचलायची हिने. वर चिजाचे तुकडे तरंगतायत, काठाला लाळ लोंबतेय. एकदा तर तळाशी कवळी निघाली. एकोणीस वर्षं ती श्वास रोखून हेच धूत होती. शी!

पण या घाणीतूनच तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस तोंडाने काहीही बोलेल, 'वा वा' म्हणून मान डोलवेल. आवडलेली वाइन त्याला थुंकवत नाही. तिचा नवरा त्याच मळ्याचं तळघर सांभाळायचा, पिंपांत वाइन मुरवायचा. संध्याकाळी ती त्याला सांगायची, "अहो, आज तुमच्या बादल्या कोरड्या होत्या बरं का." तो नुसता "हं" म्हणायचा, पण दोन घास जास्त जेवायचा.

यंदा मळ्याच्या मालकीणबाईंच्या जावयाला हुक्की आली. त्यानेही एक पिंप मुरवलं. मालकीणबाईंनी जाहीर केलं की ज्याची वाइन सरस ठरेल, तळघराच्या किल्ल्या त्याच्याकडे. निवाड्यासाठी मासिकात खाण्यापिण्यावर लिहिणारे एक साहेब आले. गावोगावचे मळे पालथे घालून पोट सुटलेलं. आणि उतरले कुठे? जावयाच्याच घरी! दोन दिवस कोंबडी काय, बदक काय, बोटं चाटणं काय, साहेबांचे ढेकर फाटकापर्यंत ऐकू यायचे. बादलीवालीला त्या ढेकरांची शिसारी आली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब मालकीणबाई नि जावई यांच्यासमोर टेबलाशी बसले. त्यांचा नियमच होता, प्रत्येक वाइनला वेगळी बादली. दोन्ही वाइन झाल्या, दुसरीचा ग्लास साहेबांनी तीनदा भरून घेतला, मग तोंड पुसलं. "जावईबापूंची वाइन म्हणजे रेशीम! ही दुसरी मात्र कच्ची, तुरट. ओतून टाका."

नवरा दाराशी उभा होता. खाली मान घालून तो कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडू लागला.

बादलीवाली सवयीने बादल्या उचलायला गेली. जावयाच्या वाइनची चांगलीच जड लागली. नवऱ्याची फुलासारखी हलकी. तिने वाकून पाहिलं. आत थेंब नाही! तीन ग्लास रिचवले होते की मेल्याने! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोन्ही बादल्या थेट मालकीणबाईंपुढे आदळल्या.

"अगं, शी! माझ्या पुढ्यात?"

"शी तर शी, बाईसाहेब. ही जावईबापूंच्या वाइनची, भरलेली. ही आमच्या ह्यांच्या वाइनची, कोरडी. तीन ग्लास मागून घेतले साहेबांनी. थुंकले कुठे, विचारा."

"घसा सुकला होता जरा," साहेब पुटपुटले.

"नवऱ्याची बाजू घेतेय ती!" जावई ओरडला.

मालकीणबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी आधी तळघरवाल्याची वाइन घेतली, सावकाश गिळली आणि रिकाम्या ग्लासकडे बघत राहिल्या. मग जावयाची तोंडात घेतली. त्यांचा चेहरा आक्रसला. चारचौघांत त्यांनी कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. पण आता जावयाच्या वाइनची भरलेली बादली त्यांनी ओढली आणि पचकन थुंकल्या.

जावई खिडकीबाहेर पाहू लागला.

"किल्ल्या परत कमरेला लाव," त्या तळघरवाल्याला म्हणाल्या. "आणि साहेबांची बॅग आणा कुणीतरी."

बादलीवाली बादल्या घेऊन मोरीवर आली. कोरडी बादली तिने न धुताच खिळ्याला अडकवली. भरलेली मात्र तिने नेहमीसारखा श्वास रोखून उपडी केली. किल्ल्या वाचल्या होत्या खऱ्या. पण थुंकी ती थुंकीच, मग ती मालकिणीची का असेना.