कडू घास कोण आणणार?

आई गेल्याचं भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी न्यूझीलंडमधल्या आमच्या भाड्याच्या घरात तुरीची डाळ धूत होते. आठवा महिना सरत आलेला. विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे माहेरी, दुसरबीडला जाणं नाही, आईचं तोंड शेवटचं पाहणं नाही. खरं तर तीच माझ्या बाळंतपणाला येणार होती. डिंक, खारका, सगळं बांधून ठेवलं होतं तिनं. देवाचा मला इतका राग आला की देव्हाऱ्यातल्या महाराजांच्या फोटोकडे पाठ करून बसले. रोज तुमच्यापुढे दिवा लावते तो कशासाठी, असं सरळ विचारलं त्यांना. डाळ तशीच पातेल्यात राहिली.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. माणसं स्मशानातून परतली की शेजारची नाहीतर भावकीतली बाई पिठलं-भाकरी करून आणते. त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांच्या घशाखाली काही उतरत नसतं, पण ती समोर बसून खाऊ घालते, आणि मग ते घर हळूहळू पुन्हा जेवायला लागतं. आमच्या गल्लीत हे काम आईचं. कोणी सांगितलेलं नव्हतं, तिनंच अंगावर घेतलेलं. कोणाशी बोलचाल बंद असली तरी मयत झालं की हिची टोपली निघालीच. "दोन घास खाय वं माय, गेलेल्या जिवाले घोर नको लावू," असं म्हणत ती पाठीवरून हात फिरवायची. गल्लीतल्या कितीतरी घरांना तिनं असं पुन्हा जेवायला लावलं होतं.

आता तिच्या लेकीला हा घास कोण आणणार होतं? या देशात येऊन वर्ष उलटलं होतं, पण आपलं म्हणावं असं एक माणूस नव्हतं. शेजारी मार्गारेट नावाची एकटी म्हातारी राहायची. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना ती हसायची, मी हसायचे, संपलं. माझं इंग्रजी अडखळत चालायचं. त्यात आम्ही पहिल्यांदा राहिलो त्या घरी एका बाईनं फोडणीच्या वासावरून नाक मुरडलं होतं. तेव्हापासून मी खिडक्या गच्च लावूनच स्वयंपाक करायचे. आई दर फोनवर विचारायची, "काऊन वं, शेजारीण जोडली का नाही अजून?" मी म्हणायचे, "इथं तसं नसतं, आई." त्यावर ती म्हणायची, "माणसंच राह्यतात ना तिथं?" मला हसू यायचं. तिला परदेश काय कळणार, असं वाटायचं.

नवरा मलकापूरचा, स्वभावानं गरीब. त्यानं हात जोडले. "पोटात लेकरू हाय. मी खिचडी टाकतो."

"आज या घरात चूल पेटणार नाही."

"मंग बाहेरून आणतो काहीतरी."

"विकतचा कडू घास असते का कुठं?"

"अवं, पण इथं कोण आणून देणार हाय तुले?" तो कळवळून म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला.

त्याचं खरं होतं. पण मी हट्टाला पेटले होते. आईला अग्नी दिला गेला तो भावानं फोनवरच दाखवला, आणि तिच्या लेकीच्या दाराशी साधं एक माणूस येऊ नये? मी फोटोकडे वळून म्हटलं, "आता तुम्हीच बघा." त्यात राग होता की भीक होती, ते मला आजही सांगता येणार नाही. दुपार गेली. बाळ आत ढुशा मारत होतं. भूक त्याला लागली होती आणि मला काही गिळवत नव्हतं. असं एकटेपण मी जन्मात भोगलं नव्हतं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात मार्गारेट, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. ती सावकाश बोलली, मला समजावं म्हणून. "खिडक्या बंद असल्या तरी तुझ्या स्वयंपाकाचा वास रोज या वेळेला माझ्या घरात येतो. तो आला की मी माझं ताट वाढून घेते. तेवढीच सोबत वाटते. आज आलाच नाही. म्हटलं, पोरीला बरं नाही की काय."

ज्या वासाची मी वर्षभर लाज बाळगली, त्याची ही बाई वाट पाहत होती! मला 'आई' एवढाच शब्द फुटला. तिला तो कळला. तिनं मला बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि वाटीत भोपळ्याचं सूप ओतलं. "जरा लागलंय खाली. तुझ्याकडे यावं की नाही, या विचारात गॅसवर राहून गेलं," ती ओशाळून म्हणाली.

मी पहिला चमचा तोंडात घातला. सूप करपलेलं होतं, चांगलं कडू लागत होतं.

मी ओक्साबोक्शी रडले, आणि रडत रडत सगळी वाटी संपवली. नवऱ्यानं विचारलं, "कडू हाय का?" मी मान हलवली. तो फोटोपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. मार्गारेट बिचारी सूप बिघडल्याची माफीच मागत राहिली. तिला मी नंतर सगळं समजावून सांगितलं. बाळंतपणात माझ्या उशाशी तीच बसली होती.

हे कोणी केलं, महाराजांनी की आईनं, याचा वाद मी घालत नाही. एक म्हातारी शेजारीण सूप घेऊन आली, एवढंच घडलं असंही कोणी म्हणेल, आणि माझी हरकत नाही. मला एवढं कळलं की 'तुम्हीच बघा' म्हणून सोडून दिल्यावर आपण दाराशी जाऊन कडी तेवढी काढायची असते. आता मी खिडक्या उघड्या ठेवून फोडणी देते.

आईच्या वर्षश्राद्धाला लेकीला घेऊन दुसरबीडला आले आहे. भावजयीनं फडताळातून डिंक-खारकांचं गाठोडं काढून माझ्यापुढे ठेवलं, आईनं बांधलेलं, तिच्याच गाठीचं. ती गाठ काही माझ्यानं सोडवेना. तसंच मांडीवर घेऊन तिच्या फोटोसमोर बसले आणि म्हटलं, "आई, जोडली वं शेजारीण." एवढं ऐकायला ती हवी होती.